सुईच्या आधी नजर

घरात मुलगी जन्माला आली की पहिल्या तासाभरातच तिच्या चेहऱ्याची वाटणी होते. नाक दादीचे, डोळे अब्बांचे, कपाळ फुफीचे. ओठांपाशी आले की मात्र वाटणी थांबते आणि निवाडा सुरू होतो. पातळ असतील तर ‘माशाअल्लाह’. जाड असतील तर एखादी खाला मायेनेच म्हणते, ‘होंठ ज़रा मोटे हैं, बड़ी होगी तो चेहरे में बैठ जाएँगे.’ मूल अजून डोळेही नीट उघडत नाही आणि त्याच्या एका अवयवाला कमी गुण मिळालेले असतात.

हे माप आपल्याला कोठून मिळाले? उर्दू गझलने शतकानुशतके नाजूक ओठांचे कौतुक केले. ओठ म्हटले की गुलाबाची पाकळी आठवायची, हे आम्ही शाळेतच शिकलो. मराठी घरांतही ‘नाजूक जिवणी’ हा लग्नाच्या मुलीचा गुण मानला गेला. याउलट मोहल्ल्यात जाड ओठांच्या पोराला ‘हबशी’ अशी हाक मारली जाई आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. आज पस्तिशीत असलेल्या माझ्या पिढीने ही हाक ऐकतच शाळा पूर्ण केली.

आता चित्र उलटे झाले आहे. अंधेरीच्या लोखंडवालापासून बोरिवली, घाटकोपर, मुलुंडपर्यंत त्वचेच्या आणि सौंदर्योपचाराच्या दवाखान्यांच्या पाट्या लागल्या आहेत. त्यांत ‘लिप फिलर’ ही एक ओळ असतेच. ज्या भरीव ओठांची काल टर उडवली जात होती, तेच ओठ आज सिरिंजमधून विकत मिळतात. एका सिरिंजचा दर मुंबईत साधारण वीस हजार रुपयांच्या आसपास सुरू होतो आणि पुढे वाढत जातो. हप्त्यांची सोयही असते. एकाच अवयवाबद्दल एका पिढीत हसू आणि दुसऱ्या पिढीत किंमत, हे कसे झाले याचा विचार आपण करायला हवा. कारण ही गोष्ट आता केवळ सिनेमावाल्यांची राहिलेली नाही. ती आपल्या घरात, आपल्या मुलींच्या हातातल्या मोबाईलवर आणि आपल्या रिश्त्यांच्या बोलण्यात येऊन बसली आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली लग्न ठरले, नोकरी लागली की भेटायला येतात. अशीच एक आली. वय तेवीस, मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये काम, बी.एड.च्या फीसाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसे, आणि नुकताच ठरलेला रिश्ता. मुलाच्या बहिणीने फोटो पाहून म्हटले होते, ‘फोटो में होंठ तो दिखते ही नहीं.’ पोरीचे ओठ पातळ. म्हणजे जन्मल्यावर ज्यांना ‘माशाअल्लाह’ मिळाले होते, तेच ओठ. तिने मला एका दमात दोन प्रश्न विचारले, ‘टीचर, दर्द होगा क्या? और गुनाह होगा क्या?’

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पहिला डॉक्टरचा, दुसरा आलिमांचा. मी दोन्ही नाही. पण वाचलेले आणि जाणकारांना विचारलेले सांगू शकते, आणि एक तिसरा प्रश्न जोडू शकते. तो तिने विचारला नाही, कारण तो तिचा नव्हताच. तो आपला आहे.

पहिल्यांदा दुखण्याचा प्रश्न. फिलर म्हणून आज बहुतेक ठिकाणी जे जेल वापरतात ते हायलुरॉनिक आम्लाचे असते. नावात आम्ल असले तरी ते जाळत नाही. पाणी धरून ठेवणारा हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला, तो गाईच्या डोळ्यातून. नावातला पहिला भागही काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पुढे हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यापासून आणि जिवाणूंच्या साहाय्याने तयार होऊ लागला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या प्रकारच्या फिलरला २००३ साली चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी आणि २०११ साली ओठांसाठी परवानगी दिली. ओठांसाठीची ही परवानगी २१ वर्षांवरच्या व्यक्तींपुरती होती. इंग्लंडने तर ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना केवळ रूपासाठी फिलर देणे कायद्यानेच बंद केले.

उपचार लहान असतो. आधी बधिर करणारे मलम लावतात, जेलमध्येही बहुधा बधिर करणारे औषध मिसळलेले असते. बारीक सुईने ओठांत अर्धा ते एक मिलिलिटर जेल सोडतात. अर्ध्या-पाऊण तासात मुलगी घरी. दुखते, पण सोसवते. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. ओठ सुजतात, हवे होते त्यापेक्षा कितीतरी मोठे दिसतात, कधी एका बाजूला जास्त. दोन-तीन दिवस सूज भरात असते, काळेनिळे डाग आठ-दहा दिवस राहू शकतात. खरा आकार साधारण दोन आठवड्यांनी कळतो. म्हणून लग्नाच्या चार दिवस आधी हा उपचार करून घेणे हे डॉक्टरांच्या दृष्टीनेही शहाणपण नव्हे. ज्यांना ओठांवर तापाचे फोड येतात, त्यांना ते पुन्हा येऊ शकतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हा उपचार टाळतात.

आणि एक धोका विरळ असला तरी मोठा आहे. ओठांतून बारीक रक्तवाहिन्या जातात. जेल वाहिनीत शिरले किंवा तिच्यावर दाब पडला तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. त्वचा पांढरी पडते, जाळीसारखे निळसर डाग उठतात, असह्य ठणका लागतो. अशा वेळी तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. जेल विरघळवणारे औषध तिथल्या तिथे द्यावे लागते, नाहीतर त्वचा मरते. चेहऱ्याच्या वाहिन्या डोळ्यांच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या घटनाही वैद्यकात नोंदल्या आहेत. म्हणून हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरचेच. पार्लरमधल्या बाजीचे नव्हे, आणि मोबाईलवर मागवलेल्या बिनसुईच्या पेनचे तर मुळीच नव्हे. त्या पेनविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली जाहीर इशारा दिला होता.

आता हिशेबाची गोष्ट. हे ओठ कायमचे नसतात. सहा महिने ते वर्षभरात शरीर जेल हळूहळू जिरवते. म्हणजे आज ज्या ओठांसह वलीमा होईल, ते ओठ पुढच्या वलीम्यापर्यंत टिकवायचे तर पुन्हा तेवढेच पैसे. शिवाय नेहमी नीटच बसतात असेही नाही. जुलै २०२५ मध्ये अभिनेत्री उर्फी जावेद हिने आपल्या ओठांतले फिलर विरघळवून घेतले आणि सुजलेल्या चेहऱ्याची चित्रफीत स्वतःच लोकांपुढे ठेवली. ते योग्य जागी नव्हते, असे तिने सांगितले. वयाच्या अठराव्या वर्षापासून ती ते भरत आली होती. पुढे पुन्हा भरू, पण नैसर्गिक दिसतील असे, हेही तिने लपवले नाही. तिच्या राहणीबद्दल आपल्यापैकी अनेकांची नाराजी असेल. पण दवाखान्यांच्या जाहिराती जे दाखवत नाहीत ते या मुलीने दाखवले, एवढे मान्य करायला हवे.

दुसरा प्रश्न गुनाहचा. येथे आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक म्हणते, शरीराला हात लावणेच हराम. दुसरे म्हणते, अल्लाहला सौंदर्य आवडते असे हदीसमध्येच आहे, मग प्रश्नच मिटला. दोन्ही टोके घाईची आहेत.

शरीर दुरुस्त करणे इस्लामला परके नाही. हजरत अरफजा बिन असअद यांचे नाक इस्लामपूर्व काळातल्या एका लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. पुरुषाला सोने वर्ज्य असताना ही मुभा मिळाली, यावरून माणसाच्या चेहऱ्याची इज्जत किती मोठी मानली गेली ते कळते. आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठा १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडला, तेथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्यात विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिच्यावरून तिकडच्या सर्जनांनी धडा घेतला. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने विद्रूप केलेले चेहरे आणि हात वर्षानुवर्षे पुन्हा घडवले. ज्यांना बसमध्ये कोणी शेजारी बसू देत नव्हते, ती माणसे पुन्हा माणसांत आली. फाटलेल्या ओठाचे मूल जन्मले की आजही काही घरांत ग्रहणात आईने सुरी हातात धरली होती का, याची चौकशी होते. दोष आईला लावण्याऐवजी ते मूल वेळेत सर्जनकडे नेणे, हे खरे दीनदारीचे काम.

मनाई आहे ती वेगळ्या गोष्टीची. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाच्या डावांमध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावणे हाही एक डाव सांगितला आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या प्रसिद्ध हदीसमध्ये गोंदणाऱ्या, भुवया उपटणाऱ्या आणि केवळ सुंदर दिसण्यासाठी दातांत फटी करून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. ‘केवळ सुंदर दिसण्यासाठी’ या शब्दांवर आलिमांनी बोट ठेवले. दात किडला म्हणून घासला तर त्याला हा निषेध लागू नाही, असा अर्थ त्यांनी काढला. जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही याच रेषेवर निर्णय दिला. जन्मजात व्यंग, अपघात, भाजणे यांतून आलेली विद्रूपता दूर करणे जायज. त्यात शरीराबरोबर मनाला होणारा त्रासही धरला आहे. पण धडधाकट, सर्वसाधारण रूप केवळ हौसेपायी किंवा कोणाची नक्कल म्हणून बदलणे नाजायज.

यावर हुशार मुली एक मुद्दा काढतात. गोंदण कायमचे असते, हे जेल तर वर्षात जाते. मग हे मेहंदीसारखेच नाही का? मुद्दा खोडसाळ नाही, आणि काही जाणकार त्याचा विचार करतात. पण दुसऱ्या एका हदीसमध्ये केसांना परक्याचे केस जोडण्याचाही निषेध आहे, आणि जोडलेले केस काही कायमचे नसतात. म्हणजे ‘टिकत नाही’ एवढ्या आधारावर सुटका होत नाही. मेहंदी, काजळ, मिस्सी वरून लागते आणि पाहणाऱ्याला ती शृंगार म्हणूनच कळते. जेल आत शिरते आणि हे माझेच आहे असे सांगते. रिश्ता ठरताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. वजू होईल का, ही शंका मात्र बाजूला ठेवावी. जेल त्वचेच्या आत असते, पाणी वरून ओठांना लागते. अंतिम निर्णय ज्याने त्याने आपल्या विश्वासू आलिमांना विचारून करावा.

येथपर्यंत उत्तर तयार आहे आणि अनेक वाज येथेच संपतात. मुलीला सांगायचे, तुझे ओठ अल्लाहने दिले, ते सर्वोत्तम घडणीचे आहेत, सब्र कर. हे खरे आहे. पण अर्धे खरे आहे. त्या मुलीला आपले ओठ कमी आहेत हे आरशाने सांगितले नव्हते. ते एका बाईने, फोटो पाहून, चहाचा कप हातात धरून सांगितले. त्या बाईला आपण काय सांगितले?

सूरह हुजुरातची ११ वी आयत पुरुषांना आणि मग वेगळेपणाने स्त्रियांना बजावते, एकमेकांची टर उडवू नका, दोष काढू नका, टोपणनावांनी पुकारू नका. हुकूम तितकाच स्पष्ट आहे. पण भुवया आणि फिलरवर जितके वाज झाले, तितके रिश्ता पाहायला गेलेल्या मंडळींच्या जिभेवर मी तरी ऐकले नाहीत. सुईची मनाई मुलीला लागू होते, म्हणून ती आपल्याला आठवते. नजरेची आणि जिभेची मनाई आपल्याला लागू होते, म्हणून ती आपण विसरतो.

हजरत अबू जर यांच्यासारख्या थोर सहाबीच्या तोंडूनही एकदा कोणाला त्याच्या आईवरून टोमणा गेला. तो ‘काळीचा मुलगा’ अशा अर्थाचा होता आणि ज्याला मारला ते हजरत बिलाल होते, असे सांगितले जाते. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. ज्या हबशी माणसाच्या गळ्यातून अजान उठली, त्याच ‘हबशी’ शब्दाची आपण शिवी केली. दख्खनमध्ये राहून केली, हे तर अधिकच. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला होता. तो निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला त्याने नहरीने पाणी दिले. जंजिऱ्याच्या सिद्दींचा किल्ला आपण मुलांना सहलीत अभिमानाने दाखवतो. सहलीहून परतताना बसमध्ये त्याच मुलांपैकी एकाला ‘हबशी’ म्हणून चिडवले जाते आणि शिक्षकांना ते खेळकर वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की सुईच्या आधी नजर येते. ओठ आजारी नसतात. त्यांच्याकडे पाहणारी नजर आजारी असते, आणि औषध मात्र ओठांना दिले जाते. अमेरिकेतील कायली जेनर या तरुणीने २०१५ साली आपल्या ओठांत फिलर असल्याची कबुली दिली, तेव्हा तिचे वय सतरा होते. त्या दिवसांत तिच्यासारखे ओठ व्हावेत म्हणून जगभरची पोरे ग्लासात तोंड घालून हवा ओढू लागली आणि ओठ काळेनिळे करून बसली. पुढे तिने सांगितले की या सगळ्याच्या मुळाशी, आपले ओठ लहान आहेत हे एका मुलाचे बोल होते. कोट्यवधींची मालकीण झालेली मुलगी, आणि तिच्याही मनात रुतलेले एकच वाक्य! मग मालाडला दोन गाड्या बदलून कामावर जाणाऱ्या मुलीने ते हसण्यावारी न्यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

हीच नजर उलटूनही डंख मारते. २०१४ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानंतर अनुष्का शर्मा या अभिनेत्रीच्या ओठांची इतकी टवाळी झाली की तिला जाहीर खुलासा करावा लागला. शस्त्रक्रिया नाही, ओठ तात्पुरते भरीव दिसण्याचे एक साधन आणि मेकअप, असे तिने सांगितले. उर्फीने फिलर काढले तेव्हा कौतुक करणारे होते तसे हसणारेही होते. पातळ ठेवले तर हसू, भरले तर हसू, काढले तर हसू. ज्या न्यायालयात प्रत्येक आरोपीला शिक्षाच होते, तेथे आरोपी निर्दोष आहे की नाही हे पाहण्यापूर्वी न्यायाधीश तपासायला हवा.

उपचाराकडून काय अपेक्षा करावी, असे कोणी विचारले तर म्हणूनच मी एवढेच सांगेन. सुई ओठांत जेल घालू शकते. काही महिने ओठ भरीव दिसतील, फोटोत उठून दिसतील, डॉक्टर चांगला असेल तर शोभतीलही. पण ज्या नणंदेला आज ओठ दिसत नाहीत, तिला उद्या रंग दिसेल, परवा वजन दिसेल, त्यानंतर मूल झाले नाही हे दिसेल. ती भूक जेलने भागणारी नाही. बी.एड.ची फी देऊन विकत घेतलेले ओठ वर्षभरात विरघळतील. ती फी भरून मिळालेली पदवी विरघळत नाही. हे मी त्या मुलीलाही सांगितले. तिने पुढे काय ठरवले ते तिचे आहे, येथे छापण्याचे नाही.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक बाई नणंदेच्या टोमण्यानेच दवाखान्याची पायरी चढते असे नाही. एखादी कमावती बाई, सज्ञान, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या आनंदासाठी हे करते. तिच्या आयुष्यात नाक खुपसणारे आपण कोण? तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, हे मी मान्य करते. तसे केले तर हुजुरातच्या त्याच आयतीपुढे मीही उभी राहीन. पण ‘स्वतःसाठी’ हा शब्द तिने एकदा स्वतःशीच तपासून घ्यावा. निर्मनुष्य बेटावर, जेथे पाहणारे कोणी नाही, तेथे आपण हे केले असते का? उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर तिचा हिशेब तिच्या रबशी आहे. ‘नाही’ असेल, तर ती जे विकत घेते आहे ते ओठ नव्हेत, दुसऱ्याची पसंती आहे. आणि ती पसंती कधीच कायमची विकत मिळत नाही, फक्त भाड्याने मिळते.

दुसरा आक्षेप पुरुषांकडून येतो. हे बायकांचे बायकांशी आहे, आम्ही काय करणार? ज्या घरात मुलगा फोटो पाहून ‘हाँ’ किंवा ‘ना’ म्हणतो, तेथे हे त्याचेच आहे. नजर खाली ठेवण्याचा हुकूम सूरह नूरमध्ये आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. आपण तो फक्त रस्त्यावरच्या नजरेपुरता समजलो. रिश्ता पाहताना एकमेकांना पाहण्याची शरीअतने परवानगी दिली आहे, ती पसंतीसाठी. गुरांच्या बाजारात दात मोजतात तशी मुलीची मोजदाद करण्यासाठी नव्हे. नापसंती असेल तर ‘नाही’ एवढा एक शब्द पुरतो. कारण सांगण्याची गरज नसते. कारणे मुलीच्या अंगावर आयुष्यभर राहतात.

शाळेत यासाठी फार मोठे काही लागत नाही. सातवी-आठवीत मुली एकमेकींच्या शरीराबद्दल बोलू लागतात. त्याच वयात, हजेरी घेताना कोणाचे टोपणनाव ऐकू आले की मी हजेरी थांबवते आणि त्या मुलीचे पूर्ण नाव वर्गाकडून म्हणवून घेते. मोबाईलमधले फिल्टर चेहरा कसा बदलतात हे एकदा फळ्यावर चेहरा काढून समजावले, तर मुली खळखळून हसतात आणि त्यांना कळतेही. पालकसभेत मातांना एकच विनंती करते. मुलीचे कौतुक करायचे तर तिने केलेल्या कामाचे करा, आणि तिच्या देखत दुसऱ्या कोणा मुलीच्या रूपाचा हिशेब मांडू नका. जी मुलगी आईच्या तोंडून शेजारणीच्या ओठांचा निवाडा ऐकते, ती त्याच रात्री आरशात आपलाही निवाडा करते.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या त्या हदीसमध्येच एक प्रसंग आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. उम्म याकूब नावाच्या एका बाईने हा निषेध ऐकला आणि ती थेट त्यांना जाब विचारायला गेली. आपण सारा कुरआन वाचला, त्यात हे कोठे दिसले नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. त्यांनी रागावून तिला हाकलले नाही, उत्तर दिले. मग ती म्हणाली, तुमच्या घरातच हे चालत असेल. ते म्हणाले, जाऊन पाहा. ती आत गेली, पाहिले, तसे काही आढळले नाही. जो माणूस जगाला एक गोष्ट सांगत होता, त्याच्या घराचे दार तपासणीसाठी उघडे होते.

आपल्या घराचे दार आज कोणा उम्म याकूबने ठोठावले तर तिला काय दिसेल? कदाचित सुई सापडणार नाही, जेलची सिरिंज सापडणार नाही, आणि आपण छाती फुगवून म्हणू, पाहा, आमच्याकडे असले काही नाही. पण ती शहाणी बाई तेवढ्यावर परत जाणार नाही. ती बैठकीच्या खोलीत बसेल, चहा घेईल आणि कोणाचा फोटो हातातून हातात जाताना आपण काय काय बोलतो ते शांतपणे ऐकेल.